१२३४५६७८९८७६५४३२१ : या संख्येचं वर्गीकरण नेमकं कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मूळ आहे की संयुक्त? तिचे विभाजक किती? आणि ती कोणकोणत्या प्रकारांत मोडते? विचारणाऱ्याने एक तक्रारही जोडली आहे. एक्सेलमध्ये ही संख्या टाकली की शेवटी ३२१ ऐवजी ३०० दिसतं, आणि ब्राउझरमध्ये करून पाहिलं तर शेवटी ३२० येतं. मग खरं काय धरायचं?

उत्तर आधी देऊन टाकतो. संख्या संयुक्त आहे, विषम आहे, १११११११११ (नऊ एक) चा पूर्ण वर्ग आहे, तिला बरोबर ४५ विभाजक आहेत, ती न्यून आहे, हर्षद आहे आणि डेमलो संख्यांच्या प्रसिद्ध रांगेतली आहे (या शब्दांचे अर्थ पुढे येतातच). पण अशी बिरुदं एकाखाली एक लिहून काढणं म्हणजे वर्गीकरण नव्हे. यातली काही बिरुदं संख्येची स्वतःची आहेत आणि काही फक्त आपण ती दहाच्या पायात, म्हणजे दशमान पद्धतीत, लिहितो म्हणून चिकटलेली आहेत. हा फरक ठेवला नाही तर सगळी गंमत एकाच पोत्यात जाते.

आधी एक्सेलचा घोळ मिटवू. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ सार्थ अंक सांभाळतो, पुढच्या जागी शून्यं भरतो. म्हणून १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट साधी संख्या ५३ बिटांच्या अचूकतेने साठवते. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, आणि आपली संख्या त्याच्या पुढची आहे. त्या हद्दीपलीकडे लागलीच विषम संख्यांना जागाच नसते, दोन-दोनच्या उड्या असतात. त्यामुळे ३२१ चं ३२० होतं आणि तुमचा प्रोग्राम बिनदिक्कत सांगतो की संख्या सम आहे, ५ ने भाग जातो, १० ने भाग जातो. चूक गणिताची नाही, साठवणीची आहे. पायथॉनमध्ये पूर्णांकांना ही मर्यादा नाही. तिथे १११११११११ चा वर्ग करून पाहा, शेवटचा १ शाबूत असतो. एक्सेलमध्येच ठेवायची असेल तर सेल आधी टेक्स्ट करून घ्या. ती दिसेल नीट, पण तिच्यावर आकडेमोड करायला जाऊ नका.

आता खरं काम. वर्गीकरणाची सुरुवात अवयवांपासूनच करायची, कारण अवयव हाती आले की निम्मी उत्तरं आपोआप पडतात. समजा हा कशाचा वर्ग आहे हे आपल्याला ठाऊकच नाही. तरीही कागद-पेन्सिलीवर एक सुरेख वाट आहे. ९ ची कसोटी शाळेत सगळ्यांनी केलेली असते: अंकांची बेरीज करा. तीच कसोटी तीन-तीन अंकांचे गट पाडून केली की ९९९ ची होते, नऊ-नऊ अंकांचे गट पाडले की ९९९९९९९९९ ची होते. कारण तेच, १००००००००० ला ९९९९९९९९९ ने भागलं तर बाकी १ उरते. तर आपल्या संख्येचे उजवीकडून नऊ अंकांचे गट पाडू:

१२३४५६७८ आणि ९८७६५४३२१.

बेरीज करा. ९९९९९९९९९. म्हणजे आपल्या संख्येला ९९९९९९९९९ ने नि:शेष भाग जातो! भागाकार १२३४५६७९. पडताळणी एका ओळीची आहे: १२३४५६७९००००००००० मधून १२३४५६७९ वजा करा, १२३४५६७८९८७६५४३२१ येतं. पुढे १२३४५६७९ × ९ = १११११११११ (८ गाळलेली ही संख्या अनेकांनी शाळेत पाहिलेली असेल) आणि ९९९९९९९९९ = ९ × १११११११११. एकीकडचा ९ दुसरीकडे सरकवला की संख्या १११११११११ × १११११११११ झाली.

मग १११११११११ चे अवयव. तीन-तीनचे गट पाहा: १११ × १००१००१. त्यातला १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ ची अंकबेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ उरतो. एकूण १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

इथे बहुतेक जण थांबतात आणि “३३३६६७ ही मूळ संख्या आहे” असं लिहून मोकळे होतात. कशावरून? संगणकाने सांगितलं म्हणून. मला ही जागा टाळावीशी वाटत नाही, कारण या एका संख्येत सिद्धांताचा खरा उपयोग दिसतो. सरळ मार्गाने जायचं तर ३३३६६७ च्या वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. अशा १०६ आहेत. आपण ते काम सहावर आणू.

समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती ९९९९९९९९९ लाही भागते, म्हणजे १० च्या नवव्या घाताला प ने भागलं की बाकी १. ही बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येते? तो घातांक ९ चा विभाजकच असणार: १, ३ किंवा ९. तो १ असेल तर प ९ ला भागते, म्हणजे प = ३. तो ३ असेल तर प ९९९ ला भागते, म्हणजे प फार तर ३७. पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८ आहे, ३ बाद. ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १, ३७ ही बाद. उरला घातांक ९. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार मग ९ ने प−१ ला भाग गेला पाहिजे. प विषम आहे, म्हणून १८ नेही. म्हणजे प ला १८ ने भागून बाकी १ उरलीच पाहिजे. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या, बाद झालेली ३७ सोडून, सोळा: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७.

अजून एक चाळणी लावता येते. नवव्या घाताला बाकी १, तर दहाव्या घाताला बाकी १०. आणि १० चा दहावा घात म्हणजे १००००० चा वर्ग. म्हणजे एका पूर्ण वर्गाला प ने भागल्यावर जी बाकी उरते तीच १० ची. हे कोणत्या मूळ संख्यांना जमतं ते गाउसच्या क्वाड्रॅटिक रेसिप्रॉसिटीच्या प्रमेयातून नक्की कळतं: २ आणि ५ सोडून, ज्यांना ४० ने भागल्यावर बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ उरते त्यांनाच. सोळातल्या दहा इथे गळतात. उरतात १६३, १९९, २७१, ३०७, ३९७ आणि ५२३. यांनी प्रत्यक्ष भागून पाहू: बाक्या अनुक्रमे ६, १४३, ६६, २६५, १८७ आणि ५१६. एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ आहे, आणि आता हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही.

तर संख्येचं मूळ रूप असं: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग असल्यामुळे हा आकडा विषम येणारच. १११११११११ हा विभाजक स्वतःशीच जोडी लावतो, बाकीच्या ४४ च्या २२ जोड्या. यातले काही विभाजक पाहायला छान आहेत: १२३२१, १००१००१, ३००३००३, ९००९००९, २७०२७०२७, १२३४५६७९. या सुबकपणाचं कारण म्हणजे तिन्ही मूळ अवयव एका दुर्मिळ जातीचे आहेत. १/३७ चा आवर्ती दशांश ०.०२७०२७… म्हणजे तीन अंकी आवर्तन, आणि तीन अंकी आवर्तन असणारी ३७ ही एकमेव मूळ संख्या. १/३३३६६७ चं आवर्तन ०००००२९९७ असं नऊ अंकी, आणि नऊ अंकी आवर्तनवाली ३३३६६७ ही एकमेव. एक अंकी आवर्तनात एकटी ३. अशा मूळ संख्यांना इंग्रजीत युनिक प्राइम म्हणतात. मात्र हे वेगळेपण दशमान पद्धतीपुरतंच आहे, ते विसरू नये.

परिपूर्ण, न्यून की विपुल? स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येइतकी आली तर परिपूर्ण, कमी आली तर न्यून, जास्त आली तर विपुल. परिपूर्ण नाही हे बेरीज न करताच सांगता येतं. विषम पूर्ण वर्गाला विभाजक विषम संख्येने असतात आणि ते सगळेच विषम असतात, म्हणून स्वतःसकट त्यांची बेरीज विषम. परिपूर्ण संख्येत ती बेरीज संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम, यायला हवी. विषय संपला. नेमकं मोजायचंच असेल तर १२१ × १४०७ × १११३३४०००५५७ = १८९५४२७९५९२८२७५७९. यातून संख्या वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, संख्येच्या साधारण साडेत्रेपन्न टक्के. न्यून, आणि चांगलीच न्यून. विषम संख्येला विपुल व्हायचं तर ३, ५, ७ असे छोटे अवयव पदरी लागतात. इथे ३ सोडून हाताशी काही नाही.

प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक किमान २ आहे, म्हणून ती पॉवरफुल संख्याही आहे. पण कुठलीही पूर्ण वर्ग संख्या तशी असतेच, त्यामुळे हे बिरुद वेगळं मिरवण्यात अर्थ नाही. फिबोनाची श्रेणीत (जिथे प्रत्येक पद आधीच्या दोन पदांची बेरीज असतं) आहे का, असंही कोणी विचारतं. नाही. त्या श्रेणीत ०, १ आणि १४४ याखेरीज पूर्ण वर्ग नाहीत, हे जे. एच. ई. कोन यांनी १९६४ मध्ये सिद्ध केलं आहे. श्रेणी मोजत बसायला नको.

मला स्वतःला या संख्येतला सर्वांत देखणा गुण वाटतो तो दोन वर्गांच्या बेरजेचा, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता यायची असेल तर तिच्या ज्या मूळ अवयवांना ४ ने भागून बाकी ३ उरते त्यांचे घातांक सम हवेत. इथे ३ आणि ३३३६६७ दोघांनाही ४ ने भागून बाकी ३, पण घातांक ४ आणि २, दोन्ही सम. ३७ ला ४ ने भागून बाकी १, तेव्हा खेळ सगळा ३७ च्या हातात. १२, ३५, ३७ हे पायथागोरसचं त्रिकूट नववी-दहावीच्या मुलांनाही माहीत असतं: १४४ + १२२५ = १३६९. ते ३००३००३ ने गुणा, कारण ३७ × ३००३००३ = १११११११११. मिळतं ते असं:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग.

म्हणजे नऊ एकांचा कर्ण असलेला काटकोन त्रिकोण, आणि त्याच्या दोन बाजूंचे अंक असे गटागटाने पुनरावृत्त होणारे. शिवाय पूर्णांक बाजूंचा असा त्रिकोण एकच आहे, दुसरा नाही. ४ ने भागून बाकी १ उरणारा मूळ अवयव १११११११११ मध्ये एकदाच येतो म्हणून.

आता अंकांवर अवलंबून असलेले गुण. उलटसुलट सारखी वाचता येते, म्हणजे पॅलिंड्रोम. हा गुण दहाच्या पायाचा: हीच संख्या दोनच्या पायात लिहिली तर सुरुवात १०१० अशी होते आणि शेवट ०००१ असा, सममिती संपली. उलट पूर्ण वर्ग असणं, ४५ विभाजक असणं, वरचा त्रिकोण, हे कुठल्याही पायात तसंच राहतं.

हर्षद संख्या म्हणजे जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. ही व्याख्या आणि हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचं. जन्म १९०५, डहाणूचा. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तरकी, आणि उरलेला सगळा वेळ संख्यांशी. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ते जगभर ओळखले जातात, पण आपल्या संख्येशी त्यांचा संबंध दुहेरी आहे. आपली अंकबेरीज ८१, आणि ३ चा चौथा घात अवयवात आहेच, म्हणून भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तोही १२३४५६७९ चा पूर्ण वर्ग.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो: १, १२१, १२३२१, १२३४३२१… ही अख्खी रांगच हर्षद असेल असा. तसं नाही. एक हा अंक ‘न’ वेळा लिहून झालेल्या, म्हणजे न एकांच्या, संख्येचा वर्ग केला की, न नवापर्यंत असताना, अंकबेरीज न चा वर्ग येते. म्हणजे हर्षद असण्यासाठी न एकांच्या संख्येलाच न ने भाग गेला पाहिजे. २, ४, ६, ८ बाद, संख्या विषम आहे. ५ बाद. सात एकांना ७ ने भागलं की बाकी १. उरले १, ३ आणि ९. नऊ जणांत हर्षद तिघेच: १, १२३२१ आणि आपली.

ही रांग कापरेकरांच्या डेमलो संख्यांतली. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली म्हणून नाव पडलं. मूळ व्याख्या जरा वेगळी आहे: संख्येचे तीन भाग, मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा, आणि कडेच्या दोन भागांची बेरीज तोच अंक, उदाहरणार्थ १६५ किंवा २५५३. एकांच्या वर्गांची रांग हा त्या कुळातला नावाजलेला वंश, ‘वंडरफुल डेमलो’ म्हणून ओळखला जाणारा. जाता जाता, आपल्या संख्येची ८१ पट म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग, ९९९९९९९९८००००००००१. त्याचे नऊ-नऊ अंकांचे दोन तुकडे करून बेरीज केली की पुन्हा ९९९९९९९९९, म्हणजे ९९९९९९९९९ ही एक कापरेकर संख्या (जिच्या वर्गाच्या दोन तुकड्यांची बेरीज तीच संख्या येते).

या आकृतिबंधाचं आकर्षण मात्र कापरेकरांच्याही हजार-अकराशे वर्षं आधीचं. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रहात १२३४५६५४३२१ ही संख्या, एकापासून सहापर्यंत चढत जाऊन क्रमाने उतरणारी म्हणून, वर्णिली आहे. ती २७९९४६८१ × ४४१ अशी मिळते. करून पाहा, बरोबर येते. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा, आणि २१ × ५२९१ = ११११११. नावांचं म्हणाल तर भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थानं परार्धापर्यंत, म्हणजे अठरा अंकांपर्यंत, जातात. आपल्या सतरा अंकी संख्येचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानावर बसतो आणि मधला ९ ‘अर्बुद’, म्हणजे दशकोटीच्या, स्थानावर. व्यवहारात मात्र तुम्ही स्वल्पविराम देऊन १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असंच लिहा.

राहिला शेवटचा प्रश्न, रांग पुढे का जात नाही. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. उभ्या गुणाकारात मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा एक डावीकडे सरकतो, ९ चा १० होतो, पुन्हा हातचा, आणि ८ चा ९ होऊन बसतो. १२३४५६७९ मधला ८ गायब व्हायचं कारणही हेच. अंकबेरीज ८२, संख्या विषम, म्हणून हर्षदपणाही गेला. त्यापुढे सममिती पुन्हा कधीच जुळत नाही, कारण शेवट ०९८७६५४३२१ असा आणि सुरुवात १२३४५६७९ अशी. पण सममिती गेली म्हणून पुढच्या संख्या कंटाळवाण्या ठरत नाहीत. एकोणीस एकांची संख्या चक्क मूळ आहे, तिच्या वर्गाला फक्त तीन विभाजक: १, ती स्वतः आणि वर्ग. आपल्या नऊ जणांच्या सुबक रांगेत हे फक्त १२१ ला साधलं होतं.